पाहुण्याची जीभ घसरल्यास प्रेक्षकांनी करावयाची कार्यवाही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत यात्रांचा हंगाम सुरू झाला, की गावोगावी कुस्तीचे फड आणि बैलगाड्यांचे अड्डे भरतात. प्रत्येक मैदानाला पंच लागतो, हलगी लागते, धूळ बसवायला पाण्याचा टँकर लागतो आणि प्रमुख पाहुणा लागतो. पहिल्या तिघांनी काय करायचे ते ठरलेले आहे. चौथ्याच्या हातात माइक असतो.

हा पाहुणा कधी पुढारी, कधी माजी मल्ल, कधी मालिकेतला नट, तर कधी रीलवर गाजलेली एखादी असामी. त्याला फेटा बांधला जातो, शाल-श्रीफळ दिले जाते, त्याच्या हस्ते एखादी जोड लावली जाते आणि मग निवेदक ‘दोन शब्द’ बोलण्याची विनंती करतो. त्या दोन शब्दांपैकी एक छापण्याजोगा नसला, तर बांधावर उन्हात बसलेल्या प्रेक्षकाने काय करावे याची एकही पुस्तिका यात्रा कमिटीने आजवर काढलेली नाही. ही उणीव पुढील सूचनांनी भरून निघावी.

सर्वप्रथम, जे ऐकले ती शिवीच होती का, याची खात्री करून घ्यावी. या भागात तालमीतला वस्ताद पठ्ठ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि पोरगा खाली मान घालून आणखी शंभर बैठका मारतो. त्या शिव्या तालमीत आशीर्वादाच्या खात्यावर जमा होतात. पाहुण्याला ही सवलत देऊ नये. त्याने पहाटे चारला उठून कोणाकडून जोर काढून घेतलेले नसतात, की कोणाची लाल माती घामाने भिजवलेली नसते.

ज्यांना या विषयाचे रीतसर शिक्षण हवे असेल, त्यांनी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खंडाळा तालुक्यात जावे. लोणंदच्या बाजूला सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत, मध्ये ओढा आहे. त्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका वाजतगाजत ओढ्याच्या आपापल्या काठावर येतात आणि समोरच्या काठावरच्या बायकांना शिव्या घालतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. एका पाटलाच्या दोन बायका होत्या, एक या गावची, एक त्या गावची. ओढ्यावर भांडता भांडता दोघींचा अंत झाला आणि तेव्हापासून ही रीत पडली, अशी आख्यायिका सांगतात. बार घातला नाही तर पाऊसपाणी बिघडते, असाही समज आहे.

अभ्यासकाने तिथे शब्दांकडे कमी आणि मांडणीकडे जास्त लक्ष द्यावे. पदर खोचलेले असतात, हात वर गेलेले असतात, हातवाऱ्यांचे व्याकरण तोंडच्या शब्दांपेक्षा पक्के असते. हलगी आणि शिंग-तुताऱ्यांच्या आवाजात शब्द नीट ऐकूही येत नाहीत आणि त्याने कोणाचे काही अडत नाही. कोणी ओढा ओलांडून पलीकडे जाऊ नये म्हणून मधे गावकरी आणि पोलीस उभे असतात. थोड्या वेळाने बार थांबतो आणि सगळ्या घरी जातात. मुख्य म्हणजे दोन्ही काठ एका उंचीचे आहेत. इकडून एक गेली की तिकडून दोन येतात. तिथे व्यासपीठ नसते, ‘मान्यवर’ नसतात आणि उत्तर द्यायला कोणाच्या परवानगीची चिठ्ठी लागत नाही. प्रमुख पाहुण्याच्या बाबतीत नेमकी हीच सोय नसते. त्याला माइक दिलेला असतो आणि समोरच्या पाच हजारांना फक्त टाळ्या.

दुसरी सूचना हसण्याविषयी आहे आणि ती पाळायला सर्वांत अवघड आहे. पाहुण्याच्या तोंडून वावगा शब्द गेला, की पहिल्या दोन सेकंदांत मैदान हसते. पुढच्या रांगेतले खुर्चीवाले हसतात, कारण पाहुणा त्यांच्याकडे बघत असतो. मागचे हसतात, कारण पुढचे हसले. हे दोन सेकंद सांभाळावेत, कारण मोबाईलमध्ये तेच टिपले जातात आणि दुसऱ्या दिवशी निषेधाच्या मोर्चात पुढे चालणाऱ्याचे दात त्या चित्रफितीत दिसतात.

एप्रिल 2013 मध्ये हे अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले. दुष्काळाचे साल होते. उजनी धरणाच्या पाण्यासाठी एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. इंदापूर तालुक्यातल्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी धरणात पाणी नसेल तर ते कोठून आणायचे, यावर जो देहधर्माचा पर्याय बोलून दाखवला, तो इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. मराठी वाचकाला तो पाठ आहे. सभेत तेव्हा हशा पिकला. संताप नंतर आला, वाहिन्यांवरून. पवारांनी माफी मागितली, ही आपली मोठी चूक असल्याचे मान्य केले आणि 14 एप्रिलला कऱ्हाडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, दिवसभर आत्मक्लेश उपोषण केले. जीभ पुणे जिल्ह्यात घसरली आणि प्रायश्चित्त सातारा जिल्ह्यात झाले. हसणाऱ्यांसाठी मात्र कोणत्याही नदीच्या संगमावर काही व्यवस्था झाल्याचे दिसले नाही. त्यांचे क्लेश ज्याचे त्याने घरी उरकले असावेत.

सांगलीकरांसाठी एक जादा सूचना. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ याच गावात रंगवल्यापासून इथला प्रेक्षक स्वतःला जाणकार समजतो आणि तो तसा असतोही. दाद देण्याची त्याची सवय जुनी आहे. तरीही पाहुण्याच्या शिवीला ‘वन्स मोअर’ देऊ नये. पाहुणे विनंतीला मान देतात.

आता साधनांकडे. मैदानात पाहुण्याला थांबवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे हलगी. हलगीवाला कडेला चिपाडाचा किंवा कागदाचा जाळ करून कातडे शेकत बसलेला असतो. थंड पडलेली हलगी बदबद वाजते, तापली की कडाडते. जाणत्या यात्रा कमिटीने त्याला आधीच सांगून ठेवावे, की भाषणाच्या वेळी हलगी तापलेली हवी. पाहुणा विरोधकाच्या आईबहिणीच्या दिशेने वळू लागला, की कमिटीतल्या एकाने नुसती मान हलवावी. हलगी कडाडते, दोन पोरे शड्डू ठोकत आखाड्यात उतरतात, निवेदकाला जोड जाहीर करावीच लागते आणि पाहुणाही हसतमुखाने खाली बसतो, कारण कुस्तीपेक्षा आपले भाषण मोठे आहे असे या दोन जिल्ह्यांत उघडपणे म्हणण्याची कोणाची टाप नाही.

निवेदकाची जबाबदारी वेगळी. त्याने शब्द गेल्याबरोबर ‘साहेबांनी आपल्या रांगड्या, ठसकेबाज शैलीत मनोगत व्यक्त केले’ असे म्हणून पुढची जोड पुकारावी. रांगडा हा शब्द अशा प्रसंगांसाठी राखून ठेवलेला बरा. मल्लांवर तो उगाच खर्च करू नये.

बाहेरच्या देशांत काय करतात, असे विचारणारा एकजण प्रत्येक पारावर असतो. त्याच्यासाठी अमेरिकेतल्या बेसबॉलचे दाखले द्यावेत. तिथे सामन्याला नामवंत पाहुणा बोलावून त्याच्याकडून गाणे म्हणवून घेण्याची चाल आहे. 25 जुलै 1990 रोजी सॅन दिएगोच्या मैदानावर विनोदी नटी रोझॅन बार हिला राष्ट्रगीत म्हणायला बोलावले. ती किंचाळत, बेसूर गायली आणि शेवटी खेळाडूंची नक्कल म्हणून नको तिथे हात नेऊन थुंकली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी झाला प्रकार लाजिरवाणा ठरवला. बंदुकीच्या गोळीने डास मारला, असे काहींना वाटेल. पण त्या मैदानातल्या लोकांनी आपला निकाल जागच्या जागी, पाहुणी समोर असताना दिला, हे नोंदवून ठेवावे.

शिकागोत 7 ऑगस्ट 2001 रोजी वेगळेच झाले. स्टीव्ह मॅकमायकल नावाचा माजी फुटबॉलपटू सातव्या डावातले गाणे म्हणायला आला होता. त्याने माइकवरून पंचालाच सुनावले, की सामना संपल्यावर याच्याशी माझे दोन शब्द होतील. लोक खूश झाले आणि पाहुण्याची मैदानाबाहेर रवानगी झाली. पाहुण्यालाच बाहेर काढण्याची ही पद्धत आपल्याकडे आणण्यापूर्वी कमिटीने पहिल्या नंबरचे बक्षीस कोणाकडून आले आहे, ते पावतीपुस्तकात पाहून घ्यावे.

तिसरा दाखला गुंतागुंतीचा आहे आणि पारावर वाद घालायला तोच उत्तम. कऱ्हाडच्या त्या उपोषणाच्या दुसऱ्याच दिवशी, 15 एप्रिल 2013 रोजी, बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले. 20 तारखेला फेनवे पार्कवर सामना झाला, तेव्हा डेव्हिड ऑर्टिझ हा लाडका खेळाडू माइकवर आला आणि हे शहर आमचे आहे, असे सांगताना मधे एक सणसणीत शिवी घालून गेला. दूरचित्रवाणीवर ते थेट गेले. मैदान जल्लोषाने उठले. प्रसारणातल्या अश्लीलतेवर दंड करणे ज्यांचे काम, त्या सरकारी आयोगाच्या अध्यक्षांनीही आपण ऑर्टिझच्या बाजूने आहोत, असे जाहीर करून टाकले. एकाच महिन्यात दोन खंडांवर दोन माणसे माइकवरून घसरली. एकाने समाधीपाशी दिवस काढला, दुसऱ्याला शहराने डोक्यावर घेतले. ऑर्टिझची शिवी त्या मैदानात बसलेल्या कोणालाच उद्देशून नव्हती. इंदापुरातले वाक्य पाणी मागणाऱ्याला उद्देशून होते. प्रेक्षकाने शब्दकोश बाजूला ठेवून आधी एवढे पाहावे.

आता खेळाडूच पाहुण्यांसमोर सुटला तर? फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी हा धडा एकाच संध्याकाळी दोनदा गिरवला गेला. गादी विभागाच्या लढतीत पाठ टेकल्याचा निर्णय विरोधात गेल्यावर शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना पंचांवर तोंड सोडून मैदानाबाहेर गेला. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली आणि बाकी दोघांना तीन वर्षांची बंदी. प्रकरण तिथे थंड व्हावे, तर सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीचे, दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील यांनी लाथेने भागत नव्हते, गोळीच घालायला हवी होती, अशा अर्थाचे बोलून ते पुन्हा तापवले. लाथेपेक्षा भाष्य जड होण्याचा हा योग प्रेक्षकांनी ओळखायला शिकावे. अशा वेळी पंचाच्या निर्णयावर वाद घालायला हरकत नाही. आपल्याकडे तेवढ्यावर रात्रीचा दिवस होतो. मात्र पंचाच्या घरच्यांचे ख्यालीखुशाली विचारू नये.

कायद्याची माहिती असलेली बरी, वापरायची नसली तरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील बोलणे-गाणे हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मैदानात बंदोबस्ताला असलेल्या हवालदाराला हे कलम ठाऊक असते. पाहुण्याच्या गाडीपुढे वाट मोकळी करायची ड्युटीही त्याचीच असते, तेव्हा त्याच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहून त्याला संकटात टाकू नये.

साताऱ्यात न बोलता बोलण्याची परंपरा आहे, तिचा प्रसार व्हायला हवा. खासदार उदयनराजे भोसले नुसती कॉलर उडवतात आणि मैदान दणाणून जाते. ना एक अक्षर, ना कलम, ना माफी. पाहुण्यांना पत्रिकेसोबत कडक इस्त्रीच्या कॉलरचा सदरा पाठवण्याचा विचार कमिट्यांनी करावा.

दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम ठरलेले आहेत: चौकात घोषणा, प्रतिमेला जोडे, समर्थकांकडून त्याच प्रतिमेला दुधाचा अभिषेक. दूध उत्पादक जिल्हे असल्याने दुसरा पक्ष सहसा कमी पडत नाही. यात भाग घ्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण काल कोणत्या रांगेत आणि कसे हसत होतो, हे चित्रफितीत एकदा तपासूनच घराबाहेर पडावे. ‘वाक्याचा विपर्यास केला’ असा खुलासा दुपारपर्यंत येतो. तोपर्यंत जोडा हातातच धरावा.

पुढच्या वर्षी बैठक बसते, तेव्हा तेच नाव पुन्हा येते. शर्यतीला पहिल्या क्रमांकाला थार किंवा फॉर्च्युनर ठेवण्याचे दिवस आहेत आणि वर्गणी गोळा करून चारचाकी येत नाही. तरण्या पोरांपैकी एखादा विरोध करतो, त्याचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि नाव छापावे. फक्त कार्यक्रमाचा क्रम बदलावा. सत्कार आधी, फोटो आधी, जोड लावणे आधी आणि मनोगत शेवटच्या निकाली कुस्तीनंतर. तोवर निम्मे लोक वडापच्या जीपला लोंबकळत असतात, उरलेले विजेत्याला खांद्यावर घेऊन देवळाकडे निघालेले असतात, आणि ‘दोन शब्द’ ऐकायला खुर्च्या मोजून टेम्पोत भरणारा मांडववाल्याचा पोरगा तेवढा जागेवर सापडतो. त्याला पाहुण्याखालची खुर्चीही हवी असते.