विलेटसाहेबांस अनावृत पत्र

कै. विल्यम विलेटसाहेब, मु. चिझलहर्स्ट, केंट, यांस सविनय नमस्कार विनंती विशेष.

आपण १९१५ साली गेलात आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याच्या आपल्या योजनेचे भाग्य उजळले. हयातभर पार्लमेंटने आपल्याला दारात तिष्ठत ठेवले. पण युद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे तासभर पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केले. तेव्हापासून ब्रिटनच्या घराघरात वर्षातून दोनदा कुणीतरी घड्याळ लावायला खुर्चीवर चढते. आता मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एकचे दोन करायचे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोनचे एक. तक्रार करताना आम्ही कृतज्ञता सोडलेली नाही. उजेडाच्या नासाडीवर १९०७ साली आपण जे पत्रक काढले, त्यात एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे पुढे आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तितकीच मागे, असा बेत होता. वर्षाकाठी आठदा खुर्ची! दोनवर निभावले, हे आमचे नशीब.

आपले निदान चुकीचे होते असे कोण म्हणेल? जूनमध्ये लंडनला ग्रिनिच वेळेनुसार पावणेचारच्या सुमारास सूर्य उगवतो. तेव्हा शहर पडदे ओढून घोरत असते आणि संध्याकाळी तेच शहर पैसे मोजून दिवे लावते. ही नासाडी थांबवली तर वर्षाला पंचवीस लाख पौंड वाचतील, असा हिशेबही आपण मांडला होता. एवढे निदान झाल्यावर कुणाही शहाण्याने दुकाने, शाळा, कचेऱ्या उन्हाळ्यात तासभर आधी उघडा, असे सुचवले असते. पण आपण व्यवसायाने घरे बांधणारे. माणसे ओळखून होता. पाचला ऊठ म्हटले तर माणूस भांडतो, पाचलाच सहा म्हटले की निमूट उठतो. आपला सगळा शोध तो एवढाच. वेळापत्रक चुकले होते आणि शिक्षा झाली घड्याळाला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती हीच.

आपले आजचे अनुयायी म्हणतात, कसली शिक्षा? फोन आपोआप बदलतो, संगणक बदलतो, कंब्रियातल्या अँथॉर्नहून येणारा रेडिओसंदेश ऐकून भिंतीवरची काही घड्याळेही बदलतात. खरे आहे. राहिले ओव्हनचे, गाडीतले, घर तापवणाऱ्या बॉयलरच्या टायमरचे आणि आजोबांच्या वेळचे लंबकाचे. यातले गाडीतले घड्याळ बरेच जण सात महिने चुकीचेच ठेवतात, ऑक्टोबर सरला की ते न हलवता बरोबर होते. बॉयलर विसरला तर घर भलत्याच वेळी तापते. पण खरी कसोटी टोल्यांच्या जुन्या घड्याळाची. अशा अनेक घड्याळांत टोल्यांची मोजणी काट्यांपासून स्वतंत्र चालते. काटे मागे फिरवले की घड्याळ चार दाखवते आणि ठोके पाच देते. काही यंत्रांना तर उलट फिरवल्याने इजाच होते. म्हणून ऑक्टोबरात दोनच मार्ग उरतात. लंबक धरून तासभर घड्याळ बंद ठेवायचे, नाहीतर काटे अकरा तास पुढे न्यायचे आणि प्रत्येक तासाला थांबून टोले पुरे होऊ द्यायचे. निदान सहासष्ट टोले! राजवाड्यांत शेकडो घड्याळे असतात आणि त्यांच्यासाठी पगारी कारागीरही असतात. सामान्य घरात ही सेवा बिनपगारी आहे. आणि उपकरणे आपोआप बदलतात, हे तर योजनेचे समर्थनच नव्हे. खोटे बोलण्याचे काम यंत्राकडे सोपवले, एवढाच त्याचा अर्थ.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे. एकट्या दुकानदाराने आठला दार उघडले तर गिऱ्हाईक येणार नाही, एकट्या शाळेने वेळ बदलली तर बस मिळणार नाही. सगळ्यांना एकदम हलवायचे तर घड्याळच हलवले पाहिजे. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापू लागले की महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा सकाळच्या होतात. मुले, मास्तर, डबे, रिक्षावाले सगळे सरकतात. भिंतीवरचे घड्याळ जागचे हलत नाही. पंजाब सरकारने २०२३ च्या उन्हाळ्यात आपल्या कचेऱ्या साडेसात ते दोन ठेवल्या, त्याही घड्याळाला बोट न लावता. गंमत म्हणजे आपल्याच योजनेपायी हे पुण्यातही घडते. लंडनशी अंतर हिवाळ्यात साडेपाच तासांचे, उन्हाळ्यात साडेचारचे. म्हणून लंडनच्या गिऱ्हाइकांसाठी काम करणारी माणसे आपली पाळी तासभर सरकवतात. जे लंडनला अशक्य म्हणतात, ते लंडनसाठी पुण्याच्या हिंजवडीत होते.

शिवाय घड्याळ हलवले की माणसे निमूट हलतात, हे आपले गृहीतही सगळीकडे लागू पडत नाही. १९०६ साली सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. आगगाडीला सोयीची म्हणून आणलेल्या त्या वेळेत गिरणीकामगारांना लवकर उठवण्याचा डाव दिसला आणि ते खवळले. मुंबईच्या नगरपालिकेने तर कित्येक दशके आपली मुंबई वेळ सोडली नाही. ते ठीकच केले की नुसता हट्ट, यावर वाद घालता येईल. पण घड्याळामागे कुणाचा हात आहे, हे मुंबईकरांना बरोबर कळले होते.

वीजबचतीचे सांगू नये. अमेरिकेच्या इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही पद्धत राज्यभर लागू केली, तेव्हा घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. दिव्यांचे वाचले ते एसीने खाल्ले. कायमचीच पुढची वेळ ठेवा म्हणणाऱ्यांना ब्रिटनने १९६८ ते १९७१ तेही करून दाखवले. उत्तर स्कॉटलंडमध्ये हिवाळी सकाळी नऊ वाजून गेले तरी उजाडेना, आणि पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग गुंडाळला. संध्याकाळचा उजेड हवाहवासा असतो, हे आम्हालाही मान्य आहे. तो कामावरून लवकर सुटल्यानेही मिळतो.

तेव्हा पार्लमेंटात आपले वजन अजून शिल्लक असेल तर एवढे करावे. येत्या मार्चमध्ये हुकूम घड्याळांना न देता माणसांना द्यावा आणि सुरुवात कॉमन्सपासून करावी. ते सभागृह सोमवारी दुपारी अडीचला भरते. उन्हाळाभर, घड्याळ जागचे न हलवता, ते दीडला भरवून दाखवावे.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी पुढे सरकवू नये.

आपला,
घड्याळ लावणारा