ठेवलंय कुठे?

ग्रंथपाल माणूस पत्त्याच्या बाबतीत भारी कडक. मराठी साहित्य म्हणजे ड्युई वर्गीकरणाच्या हिशेबाने ८९१.४६, एखादी कादंबरी चुकून इतिहासाच्या रॅकमध्ये गेली की ती हरवलीच म्हणून समजा. कन्नड गावच्या एका ग्रंथालयात डेबियन लिनक्सवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं, तेव्हा तिथल्या सरांनी स्क्रीनकडे न बघताच विचारलं, "बरं, हे ठेवलंय कुठे?"

"चार ठिकाणी," मी म्हणालो. प्रोग्राम यूएसआर-शेअर फोल्डरमध्ये, सेटिंग ईटीसीमध्ये, नोंदींचा डेटाबेस व्हार-लिबमध्ये आणि दिवसभराचा लॉग व्हार-लॉगमध्ये.

"म्हणजे एका ग्रंथाची पानं चार कपाटांत?"

वर मी इतिहासही सांगून बसलो. यूएसआर ही मुळात माणसांच्या फायलींची जागा. बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली डिस्क भरली, तेव्हा प्रोग्राम तिथे शिरले ते कायमचे. माणसांनाच पुढे 'होम'मध्ये हलावं लागलं. सर म्हणाले, "असे भाडेकरू कन्नडलाही आहेत."

वेबसाइटच्या फायली ठेवायच्या जागेवरून तर लिनक्सवाल्यांचं आजही एकमत नाही. डेबियन व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे बोट दाखवतं, ओपनसूसे एसआरव्हीकडे. ही एसआरव्ही २००४ च्या फाइल-मानकात आली. मालकाने तिथे ठेवलेलं त्याला विचारल्याशिवाय काढू नये, अशी लिनक्सच्या वितरकांना ताकीद आहे. आतली मांडणी मात्र ज्याची त्याने बघावी! समितीचा ठराव म्हणतात तो हा.

"पण वाचकाने शोधायचं कुठे?" सरांची खरी काळजी ही होती. वाचक ब्राउझरमध्ये ग्रंथालयाचा पत्ता टाकतो आणि अपाचे हा वेब सर्व्हर त्याला परस्पर यूएसआर-शेअर-कोहामध्ये नेऊन सोडतं. वाचकाचा पत्ता एक, डिस्कवरचा दुसरा. दोन्हींचा मेळ असलाच पाहिजे असं नाही. सरांना हे एकदम पटलं. "आपल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांतला यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तरी म्हणायचं पितळखोऱ्याचाच. तसंच ना?"

तसंच. मग मला धीर आला. म्हटलं, सर, वस्तू कसली आहे यावर ही जागा ठरत नाही, तिला हात कोण लावणार यावर ठरते. अपडेट आलं की यूएसआरमधलं खुशाल बदलतं. ईटीसीतली फाइल तुम्ही बदललेली असेल तर डेबियन आधी विचारतं, तुमची ठेवू की माझी? व्हारमधल्या नोंदी मात्र तुमच्या. सगळं एका फोल्डरात कोंबलं, तर डेबियनचं कुठलं आणि आपलं कुठलं, हे अपडेटच्या रात्री कोण निवडत बसणार?

सरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "मग यावर यूएसआर घेऊ नका. ते फुकट मिळतं ना? कोणी कोणतं पुस्तक नेलंय, तेवढं द्या. दोन प्राध्यापक निवृत्तीला आलेत."