अल्प उत्पन्नात आदर्श आहार : देवरीकरांसाठी सुलभ मार्गदर्शन

प्रस्तुत मार्गदर्शन देवरी तालुक्यातील त्या सुजाण कुटुंबांसाठी आहे, ज्यांना पौष्टिक खायचे आहे पण पैसे मोजण्याची सवय नाही, कारण मोजण्याइतके ते कधी साठलेच नाहीत.

सर्वप्रथम वजनकाटा मिळवावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सांगितलेल्या दिवसभराच्या ताटात 250 ग्रॅम धान्य, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 85 ग्रॅम डाळ किंवा अंडी-मांस, 300 मिलिलीटर दूध आणि 35 ग्रॅम सुकामेवा व तेलबिया आहेत. घरी काटा नसल्यास किराणा दुकानात जावे. दुकानदार 35 ग्रॅम बदाम आनंदाने मोजून देईल. फक्त त्याआधी मागची उधारी मोजेल.

धान्याचे काम सोपे आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसामागे महिन्याला 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून तेही फुकट. तीसने भागल्यास दिवसाचे 167 ग्रॅम येतात. भात कमी खा, असे तज्ज्ञ घसा कोरडा करून सांगत असतात; रेशनकार्डाने तो सल्ला केव्हाच अमलात आणला. त्यातूनही कुणाला रात्री भूक लागलीच तर पेज करावी. पेजेत तांदूळ किती आणि पाणी किती, याबाबत शास्त्र मौन पाळते.

भाज्या खाण्यापूर्वी महिना निवडावा. उन्हाळ्यात 400 ग्रॅमचा आग्रह धरू नये. पावसाने जोर धरला की रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो, जंगलात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब आणि सात्या नावाच्या अळंब्या निघतात, कुंपणावर काटवले लटकतात. तरोटा निःशंक खावा, त्याला गिऱ्हाईक नाही. सात्या आणि काटवले मात्र सापडली तरी तोंडात घालू नयेत. टोपलीत मांडून मुंबई-कोलकाता महामार्गाच्या कडेला बसावे. गाडीची काच खाली येईल, आतून कुणीतरी हे सेंद्रिय आहे का म्हणून विचारील. ‘हो जी’ म्हणावे आणि पैसे घ्यावेत. त्या पैशांत तेल, मीठ आणि धाकट्यासाठी पाच रुपयांचे चटपटीत पाकीट येते. पाच रुपयांत लेकरू गप्प बसेल अशी दुसरी वस्तू बाजारात नाही. हे कुठल्याही आहारतक्त्यात लिहिलेले नसते, पण प्रत्येक आईला ठाऊक असते.

सुकामेव्याची चिंता तर निसर्गानेच मिटवली आहे. उन्हाळ्यात चाराच्या झाडाखाली जावे, फळे वेचावीत, बिया फोडाव्यात, आतली चारोळी काढावी. आता खाण्याआधी एक छोटा हिशेब. पाच माणसांना 35 ग्रॅमप्रमाणे 175 ग्रॅम चारोळी लागेल. शहरातला भाव किलोला दीड हजार धरला, तर हे घर रोज 262 रुपये चावून खाणार. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. उरलेल्या 50 रुपयांत पाच जणांचे दीड लिटर दूध, अर्धा किलो फळे आणि दोन किलो भाजी बसवून दाखवावी. जमल्यास पंचायत समितीला कळवावे, तिथे अशा लाभार्थ्याची नितांत गरज आहे. न जमल्यास चारोळी व्यापाऱ्याला द्यावी. दिवाळीला कुणाच्या तरी श्रीखंडावर ती दिसेल.

डाळीच्या बाबतीत इकडच्या झाडीपट्टीचे शेतकरी हुशार. धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस फेकायचे, नांगर नाही, पाणी नाही. फुकटात पिकणारे हे कडधान्य सरकारला पटले नाही. लाखोळीने पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. पाय लुळे पडत, हे खरेच. पण ज्यांच्या घरात महिनोन्‌महिने लाखोळीशिवाय दुसरे काही शिजत नसे त्यांचे. रिकाम्या ताटावर बंदी घालण्याचा कायदा मात्र कुणाला सुचला नाही. आजही खायची तर गरम पाण्यात भिजवावी, ते पाणी फेकून द्यावे, आणि तिच्या सोबतीला ताटात आणखी काही असावे. हा शेवटचा भाग अवघड आहे.

मांसाच्या जागी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातले झिंगे परवडतात, ते मोजत बसू नयेत.

अंड्यासाठी वय कमी असावे लागते. 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे; गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे जेवण, तर सात महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीत अंडे किंवा केळी. सबब लेकराचा सहावा वाढदिवस होता होईल तो लांबवावा.

राहता राहिला सप्टेंबर. जुने धान कोठीच्या तळाला गेलेले आणि नवे अजून बांधीत हिरवे, नेमक्या या दिवसांत 2018 पासून राष्ट्रीय पोषण महिना साजरा होतो. मुहूर्त काढणाऱ्याला दाद द्यावी. कार्यक्रमाला वेळेवर पोचावे, टाळ्या वाजवाव्यात, कडधान्यांच्या रांगोळीशेजारी फोटोसाठी उभे राहावे. पाहुण्यांच्या गाड्या वळल्या की पदर खोचून रांगोळी भरून घ्यावी. मूग, मसूर, चणा वेगळे निवडत बसू नये. मिश्र डाळींचे वरण अधिक पौष्टिक, असे मागच्या फलकावरच लिहिलेले असते.