केकगामी सायकलस्वार

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अलीकडे स्थिरावलेल्या एका वर्गास अभ्यासाच्या सोयीसाठी ‘केकगामी सायकलस्वार’ असे नाव देता येईल. केकगामी म्हणजे ज्याच्या सायकलीचे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी ज्याचे मन बेकरीच्या काचेकडे लागलेले असते, असा. हा गृहस्थ बहुधा चाळिशीचा, निगडी-प्राधिकरणात राहणारा आणि चाकणच्या एखाद्या मोटारींच्या कारखान्यात अधिकारी असतो. त्यामुळे आठवडाभर तो लोकांना सायकल सोडायला लावण्यासाठी झटतो आणि रविवारी पहाटे स्वतः सायकलवर बसतो. ती सायकल कार्बनच्या सांगाड्याची असते. तिच्यातील दोन किलो वजन घटवण्यासाठी त्याने मोजलेली रक्कम, पोटावरचे दोन किलो फुकटात घटवता येत असताना, कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

केकगामी एकटा आढळत नाही. त्याच्या जोडीला एक मित्र लागतो आणि तो, निसर्गाचा समतोल राखण्यासाठीच जणू, वडिलांच्या वेळच्या काळ्या अ‍ॅटलासवर पायजमा खोचून येतो. (याच कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला, मित्राला हे सांगितल्यास तो घंटी वाजवून दाखवतो.) भक्ती-शक्ती चौकातून निघून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने देहूरोडची छावणी ओलांडीपर्यंत केकगामी ‘केडन्स’वर, म्हणजे पायडलच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर, बोलत राहतो. त्या नव्वदच्या आसपास हव्यात हे तो पटवून देत असतानाच मित्र पुढे निघून गेलेला असतो.

देहूत पोचल्यावर चहाच्या दुकानात अमृततुल्य चहाबरोबर बरणीतला मावा केक मागवला जातो, आणि येथे या वर्गाचे खरे पांडित्य दिसते. केकगामी केक ‘खात’ नाही. तो ‘रिकव्हरी’ करतो, म्हणजे श्रमाने झिजलेल्या स्नायूंची भरपाई करतो, आणि आठ-दहा किलोमीटरच्या सपाट रस्त्याने झिजलेले स्नायू पहिल्या केकने भरून येत नसल्याने दुसरा मागवणे ओघाने येते. तत्पूर्वी तीर्थक्षेत्राचे भान ठेवून तो हळूच एक प्रश्न विचारतो आणि दुकानदार साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तरतो, “अंडं नाही त्यात, माउली, बिनधास्त खा!” रविवारी एकादशी आली तर केकची जागा साबुदाणा वडा घेतो, आयुष्यात कधी उपवास न केलेला केकगामी त्या दिवशी तिथीचा मान राखून चार वडे संपवतो.

देवदर्शनाचा प्रश्न मात्र त्याच्या बुटांमुळे बिकट होतो. या बुटांच्या तळाला पायडलमध्ये अडकणारी खुंटी असते, तिच्यामुळे फरशीवर बदकासारखे चालावे लागते. शिवाय महागडी सायकल बाहेर एकटी सोडवत नाही. ज्यास गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही त्याने कळसाचे दर्शन घ्यावे, ही वारकऱ्यांची सवलत गर्दीसाठी आहे. केकगामी ती रिकाम्या रांगेतही घेतो. चपला काढून आत गेलेला मित्र तुकोबांसमोर हात जोडून परत येईपर्यंत बशीतला त्याचा अर्धा केकही सायकलींच्या राखणीची मजुरी म्हणून वसूल झालेला असतो.

परतल्यावर हा प्रवास मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये जाहीर होतो. असे अ‍ॅप दोन वेळा नोंदवते : निघाल्यापासून पोचेपर्यंतचा एकूण वेळ आणि चाके फिरत असतानाचा ‘चालता वेळ’. केकगामी नेहमी दुसरा सांगतो, कारण चहाच्या दुकानातला तास त्यात धरलाच जात नाही. सहकारी या आकड्यावर भराभर अंगठे उठवतात. घरातली गृहिणी मात्र दोन्ही आकडे वाचते, मनातल्या मनात वजाबाकी करते आणि दुपारी ताटात एक पोळी कमी वाढते.