भेंडीला हळद

"काकी, तुमच्या भेंडीला हळद लागली की!"

"लागली ना. वऱ्हाड कधी येऊन गेलं, मला पत्ता नाही." काकींनी वईवरून एक पानच माझ्या हातात दिलं. वसईच्या भुईगावात आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये ही एवढीच वई. पान उन्हाकडे धरलं. शिरांचं जाळं पिवळंधमक, मधले तुकडे हिरवे. शेंड्याची पानं तर पार पिवळी, आणि भेंड्या बोटभर, फिकट, आत्ताच निबर झालेल्या.

"दुकानदार म्हणाला बुरशी असेल. दोनदा फवारलं."

"बुरशी कसली? व्हायरस आहे तो, हळद्या."

"मग व्हायरसचं औषध सांग."

"नाही मिळत."

"करोनाला लस मिळते नि माझ्या भेंडीला नाही?"

आता घ्या! लस म्हणजे शरीराला आधीच शिकवून ठेवणं, आणि भेंडीच्या अंगात तसं शिकणारं रक्तच नाही, असं काहीबाही सांगितलं. "आणि मारायचं कोणाला? तो ना खातो, ना श्वास घेतो. प्रथिनाची डबी, आत सुमारे २,७०० अक्षरांचा डीएनएचा एक गोल. संपला संसार. भेंडीच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच तांदळाचा भात रांधून आपलं गोत वाढवायचं. चूल मोडायला जावं तर आधी भेंडी मरते."

"घरात घेतलं कोणी याला?"

"पांढऱ्या माशीनं. पानाखाली बसून रस पिते. रोगट झाडावर एकदा जेवली की ती मरेपर्यंत तो तिच्या अंगात."

"मेली!"

"आणि एकटा येत नाही. त्याच्यासोबत एक उपग्रह असतो, त्याच्या निम्मा. ह्याला स्वतःची प्रत काढता येत नाही, डबीसुद्धा व्हायरसची उसनी. पण खरा रंग ह्याचाच. २००३ साली मदुराईच्या संशोधकांनी दाखवलं, नुसता व्हायरस दिला तर पानं वळतात. अस्सल हळद चढते ती दोघं मिळून गेल्यावरच."

"म्हणजे फुकट्याच्या घरी फुकट्या!" काकी खूश. पदर खोचून वईला टेकल्या. आता हलायच्या नाहीत, हे मी ओळखलं.

उतरती भाजणी पुढेही आहेच. बटाट्याचा व्हिरॉइड म्हणजे ३५९ अक्षरांचा उघडा आरएनए, डबी नाही की एकाही प्रथिनाची कृती नाही. डायनर नावाच्या शास्त्रज्ञानं १९७१ साली त्याला ओळखलं. आणि प्रिऑनमध्ये तर अक्षरच नाही. घडी चुकलेलं नुसतं प्रथिन, शेजारच्या सरळ प्रथिनालाही वाकडं करणारं.

"ही कोण ते मला ठाऊक आहे," काकी म्हणाल्या. नाव ओठांवर आलंच होतं, मी घाईनं १९२४ काढलं. भेंडीच्या ह्या रोगाची पहिली नोंद तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली, आणि आपली वसईही त्याच इलाख्यातली.

"आमचे मामंजी परभणी क्रांती लावायचे. तिला नव्हती लागत."

खरं आहे. आधी पुसा सावनी टिकाव धरायची, तीही पुढे हळद्याला बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचा रानटी नातलगाशी संकर करून १९८०च्या दशकात ही क्रांती आणली. पण व्हायरस स्वस्थ बसत नाही, दोन जाती एकाच झाडात भेटल्या तर अक्षरांची अदलाबदल करतात. एकदा टिकलेलं वाण कायम टिकेल ह्या भरवशावर मी तरी बी घेणार नाही.

"मग आता काय करू?"

"पिवळी झाडं उपटून जाळा. उरलेल्यांत पिवळे चिकट सापळे लावा."

"नि ह्या भेंड्या? खाल्ल्या तर आपल्याला होईल का काही?"

"छे. त्याला झाडाचीच पेशी लागते."

"बरं. कोवळ्या निवडून सोडे घालून करते, वाटी पाठवीन. पण आधी तुझ्या मोरीमागची ती दोन झाडं उपट. महिनाभर पिवळी बघतेय मी. माशी तुझ्याकडूनच आली असणार!"