समुद्र नसलेले बेट

दादरा आणि नगर हवेली हे तसे बेटच आहे. पाण्याऐवजी भोवती गुजरात आणि महाराष्ट्र आहेत, एवढाच फरक. दादरा तर चारही बाजूंनी गुजरातच्या कुशीत आहे. नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मेघवाळ हे गुजरातचे गाव, म्हणजे बेटातही बेट. भरती-ओहोटीसुद्धा आहे: शनिवारी दारूबंदीच्या मुलखातून भरती येते, रविवारी रात्री ओहोटी लागते.

खऱ्या समुद्राशी या भूमीचा संबंध एका जहाजापुरता. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगिजांचे ‘सांताना’ जहाज धरले. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना लावून देण्याचे ठरले. जहाजापायी डोंगर मिळाले, आणि ते १९५४ पर्यंत सुटले नाहीत.

या बेटावरल्या सिल्वासा शहरातली अर्ध्या दिवसाची सहल किलवणी नाक्यावरून निघते, म्हणजे निघायची असते. गाडीत एक माणूस कमी भरतो आणि तो चहाला गेलेला असतो. तो सापडला की त्याला शोधायला गेलेला हरवतो.

आदिवासी संग्रहालयात तारपा पाहायला मिळतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांतून हे वाद्य घडते. वारली नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरतात, आणि त्याच्याकडे पाठ फिरवत नाहीत. सहलीच्या पुढाऱ्याला हा मान कधी मिळालेला नाही. तो माहिती सांगत असताना मंडळी दाराबाहेर वडे शोधत असतात.

वासोण्याच्या अभयारण्यात सिंह आहेत. वारल्यांचा देव मात्र वाघ्या. देव वाघाचा आणि दर्शन सिंहाचे, याबद्दल वाघाने अजून तक्रार केलेली नाही.

खानवेल सिल्वासापासून सुमारे वीस किलोमीटर, आणि तिथून पुढे साधारण तेवढ्याच अंतरावर दुधनी. दमणगंगेवर मधुबन धरण बांधले, पाणी डोंगरांच्या खोबणीत शिरले, आणि बेटाला अखेर किनारा मिळाला. इथे काश्मिरी थाटाचे शिकारे फिरतात. शिकाऱ्यात बसल्यावर फोटो काढण्यासाठी सगळे एकाच बाजूला सरकतात आणि नावाडी गप्प राहून तोल सांभाळतो. एवढ्यात अर्धा दिवस संपतो. परतीचे चाळीस किलोमीटर त्यात कुणीच धरलेले नसतात.