जी. आर. दादा

प्रत्येक विज्ञान विभागात एक जी. आर. दादा असतो. तिशी उलटलेली, पीएच.डी.चं सातवं वर्ष, पायात झिजलेल्या चपला आणि काखेत प्लास्टिकचं फोल्डर. फोल्डरमध्ये आधार, पॅन, मायग्रेशन, गॅप सर्टिफिकेट, रद्द केलेला चेक; सगळ्याच्या पाच-पाच प्रती. पासपोर्ट साइज फोटोंचा एक गठ्ठाही असतो. तो वरून खाली चाळत गेलं की दादाच्या डोक्यावर हळूहळू केस उगवताना दिसतात.

जेआरएफ काढून नांदेडहून आलेली मुलगी गाइडना भेटून हसतमुखाने बाहेर पडते. उद्यापासून संशोधन सुरू, अशी तिची समजूत असते. दादा तिला जिन्यातच गाठतो.

"जॉइनिंग रिपोर्ट दिलास?"

"हो, आत्ताच ऑफिसात देऊन आले."

"मध्यान्हपूर्व लिहिलंस?"

"नाही, नुसती तारीख टाकली."

"पोच घेतलीस?"

"पोच कसली?"

दादा डोळे मिटून घेतो. "अगं बाई, आवक क्रमांक पडल्याशिवाय तू या विद्यापीठात आलेलीच नाहीस. फेलोशिप रुजू तारखेपासून धरतात. चल, आधी चहा घेऊ."

चहा मुलीच्या पैशाने होतो आणि ज्ञानदान दादाचं. जेआरएफला 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये. दोन वर्षांनी समितीने पसंत केलं की एसआरएफ, मग 42,000. यूजीसीची फेलोशिप असेल तर विज्ञानवाल्यांना कंटिन्जन्सी पहिली दोन वर्षं सालाला 12,000, पुढे 25,000. घरभाडं हवं असेल तर हॉस्टेल मिळालं नसल्याचा दाखला हवा आणि तो हॉस्टेलच्याच ऑफिसातून आणायचा. मुलगी भराभर लिहून घेते.

"म्हणजे एक तारखेला पैसे जमा होतात ना?" ती विचारते.

शेजारच्या टेबलावरचे तिघे सीनियर एकदम हसतात. दादा मात्र गंभीर राहतो. ही फेलोशिप आपोआप येत नसते, असं तो समजावतो. विद्यापीठातला 'मेकर' दर महिन्याला पोर्टलवर तुझं नाव भरणार, 'चेकर' ते मंजूर करणार, मग पुढचं पुढे. मेकर लग्नाला गावी गेला की अख्ख्या विभागाची मेस उधारीवर चालते. म्हणून मेकरच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले आणि चेकरच्या कुठल्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे दादाला तोंडपाठ असतं. निकालाच्या दिवशी मेकरला पहिला फोन मामाचा जातो, दुसरा दादाचा.

प्रयोगशाळेतही त्याचा शब्द शेवटचा. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याचा कॅन लिफ्टमध्ये ठेवला की आपण मात्र जिन्याने जायचं, हे दादा सांगतो. लिफ्ट मध्येच अडकली आणि नायट्रोजनने हवेतला प्राणवायू हटवला, तर पुढच्या कागदपत्रांवर सही करायला आपण उरत नाही. एनएमआरचा स्लॉट दिवसा मागायचा नाही; रात्री दोनचा मागायचा, तो कोणी पळवत नाही. रसायन मागवायचं तर आधी जेम पोर्टलवर शोधायचं, आणि तिथे ते मिळत नसेल तर मिळत नसल्याचा अहवाल काढून फायलीला जोडायचा. "नसलेल्या वस्तूचाही पुरावा लागतो," हे वाक्य दादा एखाद्या प्रमेयासारखं उच्चारतो.

रजा वर्षाला तीस दिवस, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. हा नियम तो प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. स्वतःच्या गाइडना मात्र तो सांगायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.

आता दादाच्या स्वतःच्या पीएच.डी.विषयी. यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत. हे तो कलम-पोटकलमासह सांगतो. पुनर्नोंदणीचा त्याचा अर्ज तर विभागात नमुना म्हणून फिरतो, इतका तो निर्दोष आहे. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही, असा 2018चा नियम आहे. दादाच्या प्रबंधात साम्य शून्य टक्के आहे, कारण तो अजून लिहायचाय. एकदा लॅपटॉप उघडून बसला होता, तेवढ्यात कोणाचा तरी नो ड्यूज अडकला आणि दादा धावला.

मध्यंतरी विभागप्रमुखांनी नवागतांसाठी चार पानी माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. काम अर्थातच दादाकडे गेलं. त्याने ते आठ दिवसांत हातावेगळं केलं. प्रबंधाचं एक प्रकरणही त्याने इतक्या वेगाने लिहिलेलं नाही. पुस्तिका मंजुरीसाठी ऑफिसात गेली आणि गहाळ झाली. घाईत दादा पोच घ्यायला विसरला होता.

तेव्हा नव्याने विज्ञान विभागात पाऊल टाकणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी जी. आर. दादाला गाठा. चहाचे पैसे तुम्ही द्या, सांगेल ते सगळं लिहून घ्या, प्रत्येक कागदाची पोच घ्या. मात्र पीएच.डी. कशी संपवायची, हे दुसऱ्या कोणाला तरी विचारा.